सुटकेनंतरचे माहेर



नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की तुळशीवृंदावनापाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडण्याची रीत महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, आजही पाळली जाते. ते कडू फळ म्हणजे नरकासुर. त्या दिवशी मुलाबाळांना सांगितली जाणारी कथा बहुधा असुराच्या वधापाशी संपते. पुराणातील कथा मात्र तेथे संपत नाही. प्राग्ज्योतिषपूरच्या त्या राजाने सोळा सहस्र स्त्रियांना बंदिवासात ठेवले होते. असुर पडला, कारागृहाची दारे उघडली, त्या साऱ्या जणी बाहेर आल्या आणि मग खरा प्रश्न उभा राहिला : यांनी जायचे कोठे? परक्याच्या कैदेत राहिलेल्या लेकीला, सुनेला कोणते घर आत घेणार? कीर्तनकार हा प्रसंग विस्ताराने सांगतात. श्रीकृष्णाने त्या सर्वांना आपले नाव दिले, द्वारकेत घर दिले आणि मान दिला. वधाचे काम एका दिवसाचे होते, घर देण्याचे काम आयुष्यभराचे होते.

मानवी व्यापार हा विषय निघतो तेव्हा समाजाचे सारे लक्ष कथेच्या पहिल्या भागाकडे असते. छापा पडला, इतक्या मुलींची सुटका झाली, दलालाला अटक झाली, असे वृत्त वाचून वाचक समाधानाने पान उलटतो. सुटलेल्या मुलीच्या आयुष्यातील अवघड काळ नेमका त्याच दिवशी सुरू होतो. तिला पुढे घर मिळाले नाही, तर ज्या बाजारातून तिला बाहेर काढले त्याच बाजाराच्या वाटेला ती पुन्हा लागते. म्हणून या प्रश्नाचा विचार तिन्ही अंगांनी व्हायला हवा : माणूस बाजारात जातो कसा, त्याला बाहेर काढतात कसे, आणि बाहेर आलेल्याला समाज ठेवतो कोठे?

राज्यघटनेचा निषेध, महाराजांचा कौल

भारतीय राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी यांना स्पष्ट मनाई केली आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच ही तरतूद आहे. महाराष्ट्राला या विचाराची ओळख मात्र त्याहून बरीच जुनी आहे. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत छत्रपती शिवाजी महाराजांनी कर्नाटक प्रांतातील डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यात स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेण्यास आणि परमुलखात नेण्यास बंदी घातली होती. पूर्वीच्या राजवटीत हा व्यापार बिनबोभाट चालत असे. आपल्या राज्यात तो चालणार नाही, असे त्या कौलाचे तात्पर्य होते. युरोपातील सागरी सत्तांची जहाजे माणसे भरून नेत होती, त्या काळातील ही आज्ञा आहे. ज्या भूमीला असा वारसा लाभला, त्या भूमीतील महानगरांत माणसांची खरेदी-विक्री व्हावी, याची बोच प्रत्येक मराठी मनाला असली पाहिजे.

दलाल अनोळखी नसतो

मुली पळवणारा म्हटला की एखादा अक्राळविक्राळ गुंड डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात पहिला दुवा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. गावातलीच एखादी मावशी सणाला परत येते. अंगावर नवी साडी, हातात मोबाईल. शहरात घरकामाला मुलगी हवी आहे, खाऊन-पिऊन पगार मिळेल, असे ती सांगते. कधी लग्न जुळवून देणारा मध्यस्थ येतो. त्याला हुंडा नको असतो, उलट लग्नाचा खर्च तोच करतो. ज्या घरात पाऊस दगा देऊन गेला आहे, बाप आजारी आहे, थोरलीच्या लग्नाचे कर्ज फिटलेले नाही, त्या घराला ही संधी वाटते. मुलगी गाडीत बसते. मधल्या एखाद्या स्थानकावर तिला दुसऱ्याच्या हवाली करतात आणि शेवटच्या मुक्कामी तिला कळते, की तिच्या नावावर कर्ज आहे. तिला ‘आणण्यासाठी’ मोजलेली रक्कम, प्रवासाचा खर्च, कपडे, जेवण हे सारे तिने फेडायचे असते. हिशेबाची वही घरवालीच्या हाती असते, त्यामुळे कर्ज कधी संपत नाही.

हीच पद्धत देहविक्रयाच्या बाजाराबाहेरही चालते. वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर कातकरी कुटुंब ‘उचल’ घेऊन जाते आणि हंगामागून हंगाम ती उचल फेडत राहते. २०२२ साली नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यात एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर उघड झाले, की गरीब कातकरी कुटुंबांतील मुले थोड्या पैशांसाठी आणि एखाद्या मेंढीसाठी मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. वनवासी पाड्यावरील आईबापांना दोष देणे सोपे आहे. त्या पाड्यावर शाळा, शिधा आणि रोजगार वेळेवर पोचला असता तर ती वेळ आली असती का, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

हरियाणात २०११ च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे ८७९ स्त्रिया होत्या. जन्मण्यापूर्वीच मुली मारल्या, म्हणून तेथे वधूंची टंचाई निर्माण झाली आणि ती भरून काढण्यासाठी आसाम, बंगाल, झारखंडातील मुली पैसे मोजून ‘लग्न करून’ आणल्या जाऊ लागल्या. त्यांना तेथे ‘मोलकी’ म्हणतात. मोल देऊन आणलेली, असा त्याचा अर्थ. एका ठिकाणचे पाप दुसऱ्या ठिकाणच्या लेकीला भोगावे लागते, ते असे.

अलीकडच्या काळात सुशिक्षित तरुणही या जाळ्यात सापडले आहेत. थायलंडमध्ये संगणकावरील चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून त्यांना म्यानमारच्या सीमाभागातील कोंडवाड्यांत नेले जाते, पारपत्र काढून घेतले जाते आणि मारहाण करून इंटरनेटवरून लोकांना फसवण्याचे काम करवून घेतले जाते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. पदवी हे या व्यापारापासूनचे कवच नव्हे, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

मुंबई, १९९६

सुटकेनंतर काय होते, याचा धडा मुंबईने एकदा फार जवळून पाहिला आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यानंतर पोलिसांनी कामाठीपुरा आणि आसपासच्या वस्तीत मोठी कारवाई केली. चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळमधून आणलेल्या मुलींची संख्या मोठी होती. एवढ्या जणींना ठेवण्याची तयारी शासकीय गृहांत नव्हती. एका कोंडवाड्यातून निघून दुसऱ्या कोंडवाड्यात आल्यासारखी त्यांची अवस्था झाली. त्यांच्या स्वतःच्या देशाचे सरकारही लगेच पुढे आले नाही. नागरिकत्वाचा पुरावा कोठे आहे, त्यांना जडलेल्या आजारांचे काय, असे प्रश्न विचारले गेले. महिने उलटले. अखेर नेपाळमधील काही सेवाभावी संस्थांनी जबाबदारी घेतली आणि त्या वर्षीच्या जुलैमध्ये सव्वाशेच्या आसपास मुली काठमांडूला परतल्या.

त्या संस्थांपैकी एकीचे नाव ‘माइती नेपाळ’. अनुराधा कोइराला यांनी ती १९९३ साली स्थापन केली. भारत सरकारने २०१७ साली त्यांना पद्मश्रीने गौरवले. ‘माइती’ या नेपाळी शब्दाचा अर्थ माहेर. नवऱ्याच्या घरी छळ झाला, दुष्काळ आला, आजारपण आले, तरी लेकीला परत येण्याची एक जागा असते, हे आश्वासन त्या शब्दात आहे. मराठी मनाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्या मुलींच्या जन्मदात्यांनी दार लावून घेतले, त्यांच्यासाठी त्या संस्थेने नावापासूनच माहेर उभे केले.

पुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. मुंबईहून परतलेल्या मुलींपैकी काही जणींनी एकत्र येऊन ‘शक्ती समूह’ ही संघटना उभी केली. मानवी व्यापारातून वाचलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली ही संघटना अन्य पीडित मुलींना आसरा देऊ लागली, गावोगाव जाऊन सावध करू लागली, आणि २०१३ साली तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांच्याकडे एकेकाळी ओझे म्हणून पाहिले गेले, त्या साऱ्या आशियाला ललामभूत ठरल्या. आश्रय आणि विश्वास मिळाल्यावर पीडिता काय करू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

कायद्याने समाजासाठी ठेवलेल्या जागा

या विषयावर कायदे अपुरे आहेत अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती अंशतः खरी आहे. मानवी व्यापाराच्या सर्व प्रकारांना कवेत घेणारे विधेयक २०१८ साली लोकसभेत संमत झाले, पण पुढे राज्यसभेत न गेल्याने ते व्यपगत झाले. तरीही हाताशी असलेली साधने थोडी नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार धमकी, बळ, फसवणूक वा प्रलोभन यांच्या आधारे शोषणासाठी माणसाची भरती करणे, नेणे, ठेवणे किंवा स्वीकारणे हा गुन्हा आहे. पीडिताची संमती होती, हा बचाव येथे चालत नाही. शिक्षा किमान ७ वर्षांची आहे. पीडित व्यक्ती बालक असेल तर ती किमान १० वर्षांची असून जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

वृत्तपत्रांत ‘पिटा’ या नावाने ओळखला जाणारा १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा मात्र थोडा बारकाईने वाचला पाहिजे, कारण त्यात समाजासाठी राखून ठेवलेल्या जागा आहेत. कलम १३ नुसार विशेष पोलीस अधिकाऱ्याच्या मदतीला त्या भागातील पाचपर्यंत समाजकार्यकर्त्यांचे सल्लागार मंडळ नेमता येते. कलम १५ नुसार झडतीच्या वेळी त्या परिसरातील दोन प्रतिष्ठित व्यक्ती हजर असाव्या लागतात आणि त्यांपैकी एक तरी स्त्री असावी लागते. कलम १७ नुसार सुटका झालेल्या मुलीला कोठे पाठवावे हे ठरवताना दंडाधिकाऱ्याला पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे साहाय्य घेता येते, त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात. म्हणजे छाप्यापासून पुनर्वसनापर्यंत प्रत्येक टप्प्यावर कायद्याने समाजाला बोलावले आहे. किती जिल्ह्यांत या खुर्च्या भरलेल्या असतात? किती प्रतिष्ठित स्त्रिया रात्री-अपरात्री झडतीला साक्षीदार म्हणून उभ्या राहण्यास तयार असतात? शासनाला जाब विचारण्यापूर्वी हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारावा.

न्यायालयात पीडितेची दुसरी परीक्षा होते. मुंबईतील ‘प्रेरणा’ या संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २००२ साली दिलेला निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सुटका झालेल्या अल्पवयीन मुलींना सोडवण्यासाठी दलालांच्याच बाजूचे वकील पुढे येत, ‘काका’, ‘मावशी’ म्हणवणारी माणसे ताबा मागत आणि मुलगी पुन्हा त्याच बाजारात पोचे. दलालाची वा घरवालीची बाजू मांडणाऱ्या वकिलाला त्याच प्रकरणात पीडितेच्या वतीने उभे राहता येणार नाही, आणि मुलीचा ताबा पालकांची योग्यता पारखल्यावरच द्यावा, असे न्यायालयाने बजावले. ही पारख म्हणजे केवळ कागदपत्रे नव्हेत. तिला विकण्यात घरातल्याच कोणाचा हात होता का, गाव तिला राहू देईल का, हे कोणीतरी तिच्या गावी जाऊन पाहावे लागते. गावोगावी पसरलेल्या सेवाभावी कार्यकर्त्यांना हे काम शासकीय यंत्रणेपेक्षा अधिक चांगले करता येईल.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मानवी व्यापाराच्या पीडितांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. पीडित भरपाई योजनेतून आर्थिक साहाय्य मिळू शकते. वेठबिगारीतून सुटलेल्या मजुराला २०१६ च्या केंद्रीय योजनेनुसार १ ते ३ लाख रुपयांपर्यंत पुनर्वसन साहाय्याची तरतूद आहे. त्यासाठी प्रशासनाने दिलेले मुक्ती प्रमाणपत्र मात्र हाती असावे लागते. निरक्षर कातकरी मजूर त्या कागदासाठी तहसील कचेरीच्या किती फेऱ्या मारू शकेल? त्याच्यासोबत चार अक्षरे शिकलेला एक माणूस गेला, तर तो कागद मिळतो आणि उचलीचे जोखड कायमचे उतरू शकते.

आधीच अडवलेली गाडी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सुटका म्हणजे मुलगी गाडीत बसण्यापूर्वीच तिला अडवणे. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. गावातून कामासाठी बाहेर जाणाऱ्यांची नोंद ग्रामपंचायतीत असावी : कोण गेले, कोणासोबत गेले, कोठे गेले, संपर्क क्रमांक कोणता. परगावचे स्थळ आले तर मुलाचे घर पाहून आल्याशिवाय सोयरीक होऊ नये आणि लग्नाची नोंदणी व्हावी. परदेशातील नोकरी लावून देणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप कारखान्याकडे निघाले, की मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालावे. मुलगी एकटी मागे राहू नये किंवा शाळा सोडून कोयता हाती घेऊ नये.

मूल हरवले तर चोवीस तास वाट पाहण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे, की हरवलेल्या बालकाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे. चार महिन्यांत शोध न लागल्यास तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे सोपवायचा असतो. पण तक्रारच झाली नाही, तर यातले काहीच घडत नाही. अनेक घरे अब्रूच्या भयाने गप्प बसतात. मुलगी ‘पळून गेली’ असे गाव ठरवून टाकते आणि त्या एका शब्दाने तिचा शोध थांबतो. दलालाला याहून मोठे साहाय्य दुसरे कोणते?

रेल्वे सुरक्षा दलाने २०२२ पासून ‘आहट’ या मोहिमेद्वारे मानवी व्यापाराकडे विशेष लक्ष दिले आहे. डब्यातील सहप्रवाशाचे डोळे उघडे असतील, तर या मोहिमेला हजारो हात मिळतील. घाबरलेली, न बोलणारी, सोबतच्या माणसाचे नावही सांगू न शकणारी मुले दिसली, तर १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर केलेला एक दूरध्वनी पुरेसा असतो. संकटातील स्त्रीसाठी १८१ हा क्रमांक आहे.

दार उघडे ठेवणारे

पुनर्वसन या शब्दावर शासकीय कागदांची धूळ बसली आहे. २००७ साली केंद्र सरकारने सुरू केलेली ‘उज्ज्वला’ योजना आता ‘मिशन शक्ती’ अंतर्गत ‘शक्ती सदन’ या रूपात चालते. तिचा लाभ जरूर घ्यावा. मात्र निवारा आणि कैद यांतील सीमारेषा ओलांडली जाऊ नये. सज्ञान स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध संरक्षण गृहांत डांबले जात असेल, तर त्याचा आढावा घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले आहे. जिला आयुष्यभर कोणी काही विचारले नाही, तिला निदान तिच्या भवितव्याबद्दल तरी विचारले पाहिजे. प्रत्येकीच्या हाती शिवणयंत्र देऊन भागणार नाही. कोणाला शिकायचे असेल, कोणाला दुकान काढायचे असेल, कोणाला फक्त काही महिने शांतपणे झोपायचे असेल.

महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांची परंपरा आहे. महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा पुण्यातील किती दारे त्यांना बंद झाली असतील! महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मुंबईत जोगतिणी, मुरळ्या आणि देवदासी भगिनींसमोर उभे राहून त्यांना ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. धर्माच्या नावाने चाललेल्या प्रथेचा आधार घेऊन मुलींचा बाजार मांडला जात होता, हे सत्य स्वीकारण्याचे धैर्य या थोरांनी दाखवले. तेच धैर्य आजच्या हिंदू समाजाच्याही अंगी हवे. कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ने १९८८ साली वस्तीतील मुलांसाठी रात्रीचे संगोपन केंद्र सुरू केले, जेणेकरून आईच्या खोलीबाहेर मुलीची रात्र सुरक्षित जावी आणि दुसरी पिढी त्या बाजारात ओढली जाऊ नये. नगरमध्ये ‘स्नेहालय’ १९८९ पासून असेच काम करीत आहे.

सर्वांनाच संस्था उभारता येणार नाहीत. पण सुटून आलेल्या मुलीला शाळेत प्रवेश देणारा मुख्याध्यापक, तिला कामावर ठेवणारा कारखानदार, भाड्याने खोली देणारी घरमालकीण, हळदीकुंकवाला तिला न चुकता बोलावणारी शेजारीण, तिचा भूतकाळ माहीत असूनही तिच्याशी संसार मांडणारा तरुण यांच्यापैकी कोणीतरी होणे प्रत्येकाला शक्य आहे. ती कोणत्या जातीची, कोणत्या प्रांताची, सीमेच्या अलीकडची की पलीकडची, हे विचारण्याची ती वेळ नसते. तिने पाप केलेले नाही; तिच्यावर अन्याय झालेला आहे. एवढा भेद समाजाच्या बोलण्यात जरी उतरला, तरी अर्धे काम झाले.

येत्या नरकचतुर्दशीला कारीट फोडून झाल्यावर घरातल्या मुलांना कथेचा उरलेला भागही सांगितला जावा. त्या सोळा सहस्र जणी पुढे कोठे गेल्या, असे एखादे मूल विचारील. त्याला द्वारकेचे नाव सांगताना, आपल्या गावात अशी एखादी मुलगी परत आली तर तिच्यासाठी कोणाचे दार उघडे असेल, याचेही उत्तर घरातल्या मोठ्यांपाशी तयार असावे.